बाळाचा ओएई ‘रेफर’ आला, त्यानंतर काय काय झालं

माझी लेक आता दीड वर्षाची होईल. तिच्या दोन्ही कानांना श्रवणयंत्रं आहेत. जन्मानंतरच्या कानांच्या पहिल्या तपासणीपासून (तिलाच ओएई म्हणतात) ती यंत्रं कानाला लागेपर्यंत आम्ही कुठे गेलो, किती थांबलो, किती पैसे लागले, हे सगळं क्रमाने लिहिते आहे. त्या दिवसांत बाळाला पाजता पाजता रात्ररात्र मी फोनवर हेच शोधायचे आणि मराठीत हाती फारसं काही लागायचं नाही. मी डॉक्टर नाही. जे आमच्या बाबतीत झालं आणि जे तपासणाऱ्यांनी समजावून सांगितलं, तेवढंच इथे आहे.

जानेवारी २०२४. चौतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या आणि कल्याणमधल्या एका खासगी रुग्णालयात माझी प्रसूती झाली. बाळाचं वजन दोन किलोच्या आत. पाठोपाठ कावीळ, मग संसर्गाची शंका, मग अँटिबायोटिक. आठवड्याहून जास्त ती एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. आज श्वास नीट आहे ना, दूध पचलं ना, वजन दहा ग्रॅमने तरी वाढलं ना, या पलीकडे कशाचाच विचार नव्हता. कान तर डोक्यातच नव्हते.

डिस्चार्जच्या सकाळी एक तंत्रज्ञ मुलगी हातात मावेल एवढं यंत्र घेऊन आली. बाळाच्या कानात छोटं रबरी टोक बसवलं, एक कान झाला, मग दुसरा. पाच-दहा मिनिटांत काम झालं. बिलात त्याचे ७०० रुपये लागले. यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर दोनच ओळी होत्या: उजवा कान रेफर, डावा कान रेफर. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘कानात पाणी असेल, नंतर परत करून घ्या.’’ डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या पानावर ‘ओएई परत करणे’ एवढंच लिहिलेलं होतं. कधी, कुठे, कुणाकडे, काही नाही. आमच्या आधी घरी गेलेल्या किती जणांनी ते पान उलटून तरी पाहिलं असेल, हा विचार अजूनही मनात येतो. तुमच्या हातात असं कार्ड पडलं तर तिथेच उभं राहून त्यांच्याकडून तारीख लिहून घ्या आणि ती यंत्राची चिठ्ठी फोटो काढून ठेवा. ती छपाई थर्मल कागदावरची असते, काही महिन्यांत फिकी पडते.

ओएई म्हणजे काय, ते मला पुढे ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडून कळलं. आपल्या आतल्या कानात शंखासारखा वळलेला भाग असतो, कॉक्लिया. त्यातल्या केसांसारखे तंतू असलेल्या पेशी आवाज आला की स्वतःही अगदी बारीक आवाज परत पाठवतात. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली हे पहिल्यांदा दाखवून दिलं. कानात बसवलेल्या टोकातून यंत्र टिकटिक आवाज सोडतं आणि तो परतीचा आवाज मिळतो का ते ऐकतं. मिळाला तर पास, नाही मिळाला तर रेफर, म्हणजे पुन्हा तपासा. नवजात बाळाच्या कानात जन्माच्या वेळचा पांढरा चिकट थर किंवा पाणी असलं, खोलीत गोंगाट असला, बाळ चुळबुळ करत असलं तरी रेफर येतो. पहिल्या खेपेला रेफर आलेल्यांपैकी बहुतेक बाळांचे कान पुढे ठणठणीत निघतात. हे त्या सकाळी कुणी सांगितलं असतं तर पुढचे दिवस जरा सोपे गेले असते. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दर हजार बाळांत साधारण एक ते तीन बाळांना खरोखर कमी ऐकू येत असतं, आणि एनआयसीयूत राहिलेल्या बाळांत हे प्रमाण बरंच जास्त असतं. त्यामुळे ‘पाणी असेल’ म्हणून सोडून देणं बरोबर नाही.

बारसं फेब्रुवारीत केलं. घर माणसांनी भरलेलं. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मग माझ्या नणंदेने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्रर्र केलं, मागून बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि हशा पिकला. मी पाळण्याची दोरी धरून बाळाचं तोंड बघत होते. तिने डोळे मिचकावले, तोंड थोडं फिरवलं. आवाजाने की गालावर आलेल्या श्वासाने, मला ठरवता येईना. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आपण वाट बघायची नाही, तारीख घ्यायची.

घरात मात्र सगळ्यांना ते पटलेलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, आपल्या दोन्ही घरांत कुणाला कमी ऐकू येत नाही. हिला कुठून येईल?’’ त्यांनी पाळण्यामागे थाळी वाजवून पाहिली आणि बाळ दचकलं. ‘‘बघ, ऐकतेय की!’’ शेजारच्या काकू म्हणाल्या, त्यांचा नातू तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आता गप्प बसत नाही. सगळे मायेनेच बोलत होते. पण मायेने दिलेल्या सल्ल्यातच महिने निघून जातात, आणि म्हणून या दोन्ही गोष्टींचं उत्तर इथे लिहून ठेवते. ज्यांना जन्मतः कमी ऐकू येतं अशा मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील व्यवस्थित ऐकणारे असतात. आईवडील दोघांकडेही एखादं बदललेलं जनुक लपलेलं असू शकतं, दोन्हीकडून ते बाळात आलं तरच परिणाम दिसतो. आणि थाळीबद्दल सांगायचं तर ती इतकी मोठ्याने वाजते की बऱ्यापैकी ऐकू न येणारं बाळही दचकतं. शिवाय हवेचा झोत लागतो, पाळणा हादरतो, समोर सावली हलते. बाळाला आईचं बोलणं ऐकू येतं का, हे थाळीने कळत नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दीड महिन्याच्या लसींच्या सुमाराला, एका ऑडिओलॉजिस्टच्या क्लिनिकमध्ये दुसरी ओएई केली. तिथे ६०० रुपये लागले. मॅडमनी आधी कानात डोकावून पाहिलं आणि विचारलं, ‘‘तेल घालता का कानात?’’ मालिशवाल्या मावशी रोज टाळूवर तेल थापायच्या तसं कानातही दोन थेंब सोडायच्या. मॅडम रागावल्या नाहीत, पण त्या दिवसापासून ते बंद. तपासणीच्या आधी काही दिवस तर तेल अजिबात नको. बाळ पोटभर पिऊन गाढ झोपलेलं होतं, खोली शांत होती, तरी दोन्ही बाजूंना पुन्हा रेफर.

मॅडमनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, एनआयसीयूत पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळाची फक्त ओएई करून भागत नाही. ओएई आतल्या कानापर्यंतच पाहते. कान ठीक असून पुढची नस संदेश नीट नेत नसेल, तर ओएई पास येते आणि दोष लपून राहतो. अशा बाळांना बेरा, म्हणजे आवाज नसेतून मेंदूकडे जातो का ते पाहणारी तपासणी लागतेच, ओएई पास असली तरी. दुसरी, जगभर ‘एक-तीन-सहा’ असा हिशेब धरतात: पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू. तिसरी गोष्ट ऐकून मला वाईट वाटलं. गरोदरपणात आईकडून बाळाला होणारा सीएमव्ही नावाचा विषाणूसंसर्ग हे ऐकू न येण्याचं एक मोठं कारण आहे, आणि तो जन्मापूर्वीचाच होता हे खात्रीने सांगायचं तर लघवीची किंवा लाळेची तपासणी जन्मानंतर तीन आठवड्यांच्या आत व्हावी लागते. आमची ती मुदत टळून गेली होती. तुमच्या बाळाचा पहिला रेफर अजून ताजा असेल तर बालरोगतज्ज्ञांना हे आजच विचारा.

बेरासाठी खासगीत तीन हजारांच्या आसपास सांगत होते. मॅडमनी वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेचं नाव सुचवलं. वांद्रे रेक्लमेशनला असलेली ही वाचा आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची. तिथलं शुल्क खासगीच्या मानाने पुष्कळ कमी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मग माहिती घेतात: गरोदरपण, ताप, पुरळ, औषधं, नात्यात लग्न झालं आहे का, घरात कुणाला त्रास आहे का. हे सगळं घरून लिहून न्यावं, आणि एनआयसीयूचं डिस्चार्ज कार्ड न्यावंच. त्यात कोणती अँटिबायोटिक किती दिवस दिली ते असतं, आणि अ‍ॅमिकासिन, जेंटामायसिन यांसारख्या औषधांचा कानाशी संबंध असल्याने ते नेमकं विचारतात. बेराची तारीख एप्रिलची मिळाली.

तारखेसोबत मिळालेली सूचना अशी: बाळाला सकाळी झोपू देऊ नका, भुकेलं आणा, इथे आल्यावर पाजा म्हणजे इथे झोपेल. मोठ्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध देतात, पण तीन महिन्यांच्या बाळाची नैसर्गिक झोपच वापरतात. आता कल्याणहून लोकलने जाताना बाळाला जागं ठेवणं काय असतं, ते त्या दिवशी कळलं. गाडी हलायला लागली की तिचे डोळे मिटत. मी तिच्या तळव्यांना ओला रुमाल लावत होते, उभी धरत होते. डब्यातल्या एका ताईंनी ‘‘द्या इकडे, दमलाय तुम्ही’’ म्हणून घेतलं आणि मांडीवर थोपटायला लागल्या. मी त्यांना कारण सांगितलं. मग ठाण्यापासून दादरपर्यंत अख्ख्या बाकावरच्या बायकांनी आळीपाळीने तिला जागं ठेवलं. कुणी बांगड्या हलवल्या, कुणी पदर फिरवला. बांगड्यांच्या आवाजाकडे ती वळत नव्हती. हललेल्या हाताकडे मात्र लगेच बघत होती. ते मी पाहिलं आणि कुणाला काही बोलले नाही.

एवढं करूनही दादरला गाडी बदलताना ती झोपली आणि संस्थेत पोहोचेपर्यंत ताजीतवानी झाली. आत जेमतेम एक कान होईतो जागी झाली, पुढची तारीख घ्यावी लागली. लांबून येणार असाल तर शक्य झाल्यास आदल्या रात्री जवळ कुणाकडे राहा. आम्ही दुसऱ्या वेळी दादरला मावशींकडे मुक्काम केला आणि तेच उपयोगी पडलं.

संस्थेतल्या बाकावर थांबलेले असताना परभणीकडची एक आई भेटली. तिचा मुलगा अडीच वर्षांचा. प्रसूती घरी झालेली, कान कुणी तपासलेच नाहीत, बोलत नाही म्हणून दोन वर्षांनी कुणीतरी इकडे पाठवलं. ‘‘ताई, तुमचं लई लवकर कळलं बघा,’’ ती म्हणाली. तोवर मी स्वतःला दुर्दैवी समजत होते. बाळ जिथे जन्मतं त्यावर त्याचं बोलणं अवलंबून असावं, हे मला त्या दिवसापासून सहन होत नाही. प्रत्येक बाळाची ही पाच मिनिटांची तपासणी झालीच पाहिजे, प्रसूती कुठेही होवो.

बेराची खोली लहान, अंधारी, आवाजबंद. माझ्या मांडीवरच ती झोपली. कपाळावर आणि दोन्ही कानांमागे खरखरीत जेलने त्वचा घासली, त्यावर चिकटपट्ट्या आणि वायरी लावल्या, कानात मऊ फोमची टोकं बसवली. दुखत काही नाही, फक्त घासताना ती कुरकुरली. मग कानात टिकटिक सोडत जातात, मोठ्यापासून लहान आवाजाकडे, आणि आवाज मेंदूकडे जाताना नसेत उमटणाऱ्या लहरी पडद्यावर दिसतात. त्यातल्या पाचव्या लहरीकडे लक्ष असतं. ती ज्या पातळीपर्यंत दिसते, त्यावरून ऐकण्याचा अंदाज बांधतात. तासभर लागला. मी श्वासही हळू घेत होते.

उजव्या कानात लहर ७५ डेसिबलपर्यंत, डाव्यात ६५ पर्यंत. साधं बोलणं साधारण ५० ते ६० डेसिबलचं असतं, म्हणजे तिला आमचं बोलणं जवळजवळ पोहोचतच नव्हतं. थाळी पोहोचत होती. मग मधल्या कानाचा दाब तपासला. लहान बाळांसाठी त्यात वेगळा, उंच स्वर वापरावा लागतो, तो वापरलाय ना हे विचारून घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञांनीही पाहिलं. मधला कान स्वच्छ. दोष आतल्या कानात, औषधाने जाणारा नाही. मे महिन्यात खात्रीसाठी बेरा पुन्हा केली आणि सोबत एएसएसआर नावाची तपासणी झाली, ज्यातून वेगवेगळ्या स्वरांना किती ऐकू येतं ते कळतं. यंत्र बसवताना ती माहिती लागते. आकडे तेच आले.

रिपोर्ट हातात घेऊन आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा नवरा खूप रडला. मी त्या दिवशी नाही रडले, पुढे आठवडाभर रडत होते. घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘‘मग आता काय करायचं असतं?’’ आज रोज सकाळी तिची यंत्रं त्याच लावतात.

श्रवणयंत्राआधी कानाचा साचा घेतात. कानात दोरा बांधलेला कापसाचा छोटा बोळा आत ठेवून मऊ लगदा भरतात, तो घट्ट झाला की काढतात. त्यावरून मोल्ड बनतो. बाळाचा कान वाढतो तसा मोल्ड सैल होतो आणि यंत्र शिटी मारायला लागतं, म्हणून पहिल्या वर्षात दर दोन-तीन महिन्यांनी नवा मोल्ड. एका कानाला १,२०० रुपये धरून हा खर्च आधीच हिशेबात घ्या. यंत्रांची जोडी आम्हाला ७०,००० ला पडली. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून यंत्रं मिळतात, संस्थेतच चौकशी करा. ज्या मुलांना यंत्राचाही उपयोग होत नाही त्यांच्या कॉक्लियर इम्प्लांटसाठीही (शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं यंत्र) त्याच योजनेत तरतूद आहे, आणि तिथे वयाची अट असल्याने उशीर महागात पडतो.

कागदपत्रांची साखळी अशी: जन्मदाखल्यावर नाव चढवा (पहिल्या बारा महिन्यांत ते विनाशुल्क होतं), मग बाल आधार, मग स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज, मग सरकारी रुग्णालयाच्या दिव्यांग मंडळासमोर तपासणी. आम्हाला लहान वयामुळे मुदतीचं प्रमाणपत्र मिळालं. नाव बारशानंतर लगेच दाखल केलं होतं म्हणून पुढचं अडलं नाही.

मुंबईपासून लांब राहणाऱ्यांसाठी: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, जो २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात बाळाचं ऐकणं तपासणं आणि पुढे पाठवणं येतं, मोफत. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी नावाचं, लहान मुलांतले दोष लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र कुठे आहे ते विचारा. आशाताईंना किंवा अंगणवाडीत सांगितलंत तरी त्या मार्ग दाखवतात.

जूनमध्ये, पाचव्या महिन्यात, यंत्रं लागली. फोनवरच्या व्हिडिओंत बाळं पहिल्यांदा ऐकून खुदकन हसताना दिसतात. आमची हसली नाही. ती पीत होती, मी ‘बाळा’ म्हटलं, तिने ओढणं थांबवलं. परत म्हटलं, परत थांबली. ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, हे पुरेसं आहे.

रोजच्या वापरातलं थोडं सांगते. बॅटरीवरचं स्टिकर काढल्यावर दोन-तीन मिनिटं हवा लागू द्या, मग बसवा, जास्त चालते. बॅटरीच्या कप्प्याला लहान मुलांचं कुलूप मागून घ्या. गिळलेली बॅटरी जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात आमच्याकडे हवेतच इतका ओलावा असतो की रात्री यंत्रं सिलिका जेलच्या डबीत ठेवावीच लागतात. टोपडं घालताना कडा यंत्रावर येऊ देऊ नका, घासल्याचा आवाज आत मोठा होऊन जातो.

स्पीच थेरपी आठवड्यातून एकदा असते, बाकीची सगळी घरी. पोळी लाटतानासुद्धा मी तिच्याशी बोलते: हा गोळा, हे पीठ, आता फुगली. सकाळी यंत्रं लावल्यावर सहा आवाज म्हणून बघतो: आ, ई, ऊ, म, श, स. तोंडापुढे हात धरायचा, म्हणजे ओठ दिसत नाहीत. आ, ऊ आणि म तिला खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळतात. ‘आई’ आणि ‘आजी’ म्हणते, ‘मऊ’ म्हणते, कुत्र्याला ‘भूभू’ म्हणते. ‘स’ मात्र हातभर अंतरापलीकडून अजून निसटतो, ऐकू येत नाही, उजव्या कानात जास्त. तो मी वहीत तारखेसह लिहून ठेवते, आणि पुढच्या भेटीत यंत्राच्या उंच स्वरांची पातळी वाढवून बघायची आहे.